काळी कोंबडी वेगळी, काळपट अंडं वेगळं: कडकनाथ आणि मारन्सची गल्लत

परवा आमचे थोरले दाजी विट्याहून आले, खुराड्यापाशी उभं राहून म्हणाले, "कडकनाथ लई पोसलाय की रं, काय घालतोस त्याला?" आता तो कोंबडा कडकनाथ नव्हताच, मारन्स नावाच्या परदेशी जातीचा होता. आत जाऊन मी त्यांना ट्रेमधलं एक चॉकलेटी अंडं आणून दाखवलं तर म्हणाले, "हां, हे कडकनाथचं, काळ्या कोंबडीचं काळं अंडं." म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकले, चॉकलेटी अंडं मारन्सचं असतंय. दाजींना काय नावं ठेवायची, गिऱ्हाईक पण रोज हेच विचारतंय, आणि मोबाईलवर डांबरासारख्या काळ्याकुट्ट अंड्यांचे जे फोटो फिरतात ना ते तर सरळ खोटे आहेत, कारण कुठलीच कोंबडी खरं काळं अंडं देत नाही. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

कडकनाथ आपल्या देशातला, मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूरकडचा, भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेला, तिकडं त्याला कालामासी म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाचा. 2018 ला झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. अंड्याला नव्हे, मांसाला, हे ध्यानात ठेवा. त्याचा तुरा, जीभ, कातडी, नख्या, हाडापर्यंत सगळं काळं-जांभळट. रक्त मात्र लालच असतंय, काळ्या रक्ताच्या गप्पा कोण मारत असेल तर त्याच्याकडनं पक्षी घेऊ नका. आणि एवढा सगळा काळा असून अंडं कसं देतो? फिकट. साय घातलेल्या चहासारखं, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, वर्षाला साधारण शंभराच्या आसपास. गावरान अंड्यांत मिसळून ठेवलं तर तुम्हाला निवडता पण येणार नाही.

मारन्स फ्रान्सचा. पश्चिमेच्या किनाऱ्याकडं ला रोशेलजवळ मारन्स नावाचं गाव आहे, त्यावरनं नाव पडलं. आपल्याकडं हौशी लोक ठेवतात तो जास्त करून ब्लॅक कॉपर, म्हणजे अंग काळं आणि मानेवर तांब्याच्या भांड्यासारखी चमक. गल्लत होते ती इथं, कारण कडकनाथमध्ये पण मानेवर सोनेरी छटा असलेली जात आहे, लांबनं दोन्ही सारखेच दिसतात. जवळ जाऊन तुरा बघायचा. मारन्सचा तुरा लालभडक, डोळा नारिंगी, पिसं बाजूला केली की कातडी पांढरी, आणि फ्रेंच लाईनच्या पक्ष्याच्या पायावर बाहेरच्या बाजूनं बारीक पिसं. ही पायावरची पिसं दिसायला लई भारी पण आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात त्यांचा चिखलाचा गोळा होतो, पायाला खवड्या धरतात, आणि तेच पाय घेऊन कोंबडी घरट्यात जाऊन अंडी घाण करते. आमच्या सांगलीच्या वाळवा, पलूसकडं ठेवणार असाल तर खाली जाड भुसकट टाकल्याशिवाय ठेवू नका.

रंगाचं म्हणाल तर दोन्हीचा रंग मुळात एक वस्तूच नव्हे. कडकनाथचा काळेपणा मेलॅनिनचा, जे आपल्या केसात असतं तेच, ते अंगातल्या मांसाच्या पडद्यांत भरलेलं. मारन्सच्या अंड्यावरचा रंग प्रोटोपॉर्फायरिन नावाच्या द्रव्याचा, रक्तातलं हीम ज्याच्यापासून बनतं ते. अंडं कोंबडीच्या पोटात कवच चढायला वीसेक तास थांबतं, त्यातल्या शेवटच्या काही तासांत हा रंग वरनं बसतो, रंगारी शेवटचा हात मारतो तसा. म्हणून कवच आतनं जवळपास पांढरंच असतं, फोडून बघा.

आणि म्हणूनच तो रंग निघतो पण. आमच्या मामीनं एकदा ताजं, अजून ओलं असलेलं अंडं उचललं, पदरानं पुसलं, तर पदराला तांबडट डाग आणि अंड्यावर बोटाएवढा फिका पट्टा. मामी तडक माझ्याकडं, "अरं ह्याला रंग लावलाय कुणीतरी, फसवलं तुला!" तिचं पण चुकत नव्हतं, पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून खपवणारे असतातच. तिला दुसऱ्या दिवशी घरट्यापाशी बसवलं, तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अंडं घालून उठली, मामीनं स्वतःच्या बोटानं घासून बघितलं, तेव्हा पटलं. एक-दोन मिनिटांत वाळलं की मग रंग पक्का बसतो. तरी पण उबवायची अंडी धुवू नका, रंग जातो म्हणून नव्हे, वरचं संरक्षणाचं आवरण जातं म्हणून.

आता पैदाशीचं, खरा फरक इथं आहे. कडकनाथ डोळ्यानं निवडता येतो, मारन्स वहीनं निवडावा लागतो.

कडकनाथचं पिल्लू बाहेर आलं की चोच, पाय, कातडी बघून कळतं. पण त्यात एक मेख आहे, काळेपणाचा जीन असा जोरकस आहे की कडकनाथ कोंबडा साध्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पायाच्या कोंबडीवर सोडला तरी तलंगा काळपट निघतात, कोंबडे फिके पडतात. मग व्यापारी काळ्या तेवढ्या तलंगा बाजूला काढून शुद्ध म्हणून विकतो आणि घेणाऱ्याच्या घरी पुढच्या पिढीत सगळे रंग बाहेर येतात. 2019 ला आपल्या इस्लामपूरकडनं 'पक्षी घ्या, अंडी आम्ही परत घेतो' म्हणणाऱ्या कडकनाथच्या योजनेत लोकांचे पैसे बुडाले, सांगली-साताऱ्यातल्या किती घरांत त्याचं नाव काढलं तरी अजून भांडणं होतात, त्यावर मी जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच, अंडी परत घेऊ म्हणणाऱ्याला आधी विचारायचं की ती अंडी खाणार कोण.

मारन्समध्ये अंड्याचा गडदपणा एका जीनचा नाही, कितीतरी जीन मिळून तो होतो. आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड ह्या तपकिरी अंड्याच्या जातीशी क्रॉस केला की रंग मधोमध येतो, साधा तपकिरी, आणि तो परत वर आणायला पिढ्या जातात. पिल्लू बघून काहीच कळत नाही. तलंग सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते तेव्हा कळतं, आणि कोंबड्याचं तर कधीच कळत नाही कारण तो अंडं घालत नाही, पण रंगाचे जीन तो पण देतोच. सगळ्यात जास्त मार इथंच बसतो. लोक गडद अंडी देणाऱ्या कोंबड्या जपतात आणि कोंबडा दिसायला देखणा म्हणून कुठलाही घालतात. फ्रेंच लोक 1 ते 9 अशा रंगाच्या तक्त्यावर अंडं लावून बघतात आणि 4 च्या खालचं मारन्सचं धरत नाहीत. मी तो तक्ता मोबाईलमध्ये ठेवलाय आणि वहीत लिहितो, कुठल्या अंड्यातनं कुठलं पिल्लू, पायाला रंगीत रिंग. कोंबडा नेहमी सगळ्यात गडद अंड्यातनं निघालेलाच ठेवायचा. आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या अंड्यांवर भाळू नका, तलंगेची सुरुवातीची अंडी सगळ्यात गडद असतात, मग हंगाम जाईल तसं फिकं होत जातं, उन्हाळ्याची झळ लागली, पक्षी घाबरला, आजार आला तरी फिकं होतं. चार-पाच महिने अंडी घातल्यावर पण जिचं गडद आहे ती खरी. कोंबडा बदलला तर तीन आठवडे अंडी उबवायला घ्यायची नाहीत, जुन्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस कोंबडीच्या पोटात टिकतं, हे मात्र दोन्ही जातींना सारखंच.

उबवताना परत दोन्हींचे रस्ते वेगळे. दिवस एकवीसच, तापमान पंखा असलेल्या मशीनला 37.5 अंश. कडकनाथची फिकी अंडी सातव्या दिवशी टॉर्चवर धरली की शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात, रिकामी काढून टाकायची, विषय संपला. मारन्सच्या अंड्यात पहिल्या वर्षी मी टॉर्च मारला तर काहीच दिसलं नाही, नुसता लालसर अंधार, मी म्हटलं गेली सगळी, आणि दहाव्या दिवशी सहा अंडी उकिरड्यावर फोडली. सहापैकी चारात पिल्लू वळवळत होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासनं टॉर्चवर विसंबत नाही, किराणा दुकानात मिळतो तसला छोटा डिजिटल काटा आणलाय. अंडं अठराव्या दिवसापर्यंत साधारण 12-13 टक्के वजन घालवतं, म्हणजे मारन्सचं 70 ग्रॅमचं अंडं 61 च्या आसपास यायला पाहिजे, कडकनाथचं 42 चं साधारण 37 वर. गडद रंगाचा थर पाणी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळं मारन्सचं वजन कमी उतरतं, आत हवेची पिशवी लहान राहते आणि पिल्लू पूर्ण तयार होऊन कवचातच गुदमरतं. म्हणून मी कडकनाथला पहिले अठरा दिवस दमटपणा 50 टक्क्यांच्या आसपास ठेवतो आणि मारन्सला 35-40, शेवटचे तीन दिवस दोन्हींना 65. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी हवाच एवढी ओली की मशीनमध्ये पाण्याचा थेंब न घालता पण दमटपणा साठच्या वर, तेव्हा मी मारन्स लावतच नाही. फेब्रुवारीतली कोरडी हवा त्यांना मानवते. लाईट गेली तर इन्व्हर्टर पाहिजेच, नाहीतर खुडूक बसलेली गावरान कोंबडी, तिच्याइतकं भारी मशीन अजून कुणी काढलं नाही, फक्त मारन्सची मोठी अंडी तिच्याखाली आठ-नऊच मावतात, कडकनाथची बारा-तेरा बसतात.

खायला दोन्ही सारखीच. कवचाच्या रंगाचा चवीशी किंवा ताकदीशी काही संबंध नाही, बलक पिवळाजर्द पाहिजे असेल तर मका आणि हिरवा चारा वाढवा. दाजींना जाताना मी दोन्हीची तीन-तीन अंडी बांधून दिली, घरी जाऊन फोन, "चॉकलेटी फोडलं, आतनं पांढरंच की रं."

"होय दाजी. आणि कडकनाथचं?"

"ते पण पांढरंच."

"मग?"

"मग काय, ताईला म्हटलं भुर्जी कर."