लाटेचा धोंडा आणि आजीचा अडकित्ता

वाळलेली रोठा सुपारी दाताखाली फोडायला गेलात तर दातच जाईल. तीच सुपारी आमच्या आजीच्या थरथरत्या हातात कट्‌कन दुभंगायची. मी अडकित्ता घेतला की सुपारी पात्याच्या मागच्या भागात धरायचो, दांडे मध्येच पकडायचो आणि जोर लावून घामाघूम व्हायचो. आजी म्हणायची, "आत सार रे, खिळ्यापाशी. आणि दांडे टोकाला धर."

तरफेचा सगळा नियम या दोन वाक्यांत आला. खिळा हा टेकू. सुपारी त्याच्यापासून २ सेंटिमीटरवर आणि मूठ १२ सेंटिमीटरवर असेल, तर मुठीचा ५ किलोचा जोर सुपारीवर ३० किलोचा होऊन पडतो. भार गुणिले त्याचं टेकूपासूनचं अंतर, बरोबर बल गुणिले त्याचं अंतर. मात्र पातं १ मिलिमीटर आत जायला मूठ ६ मिलिमीटर सरकावी लागते. जोर वाढतो तो अंतर मोजून.

हा नियम आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिद्ध करून दाखवला. त्याच्या हजारभर वर्षं आधीच इजिप्तमध्ये नाईलच्या काठी लोक तरफेने पाणी उपसत होते. आपल्याकडच्या आगरांत, माडा-पोफळींना शिंपण करायला उथळ विहिरीवर हीच तरफ असायची. तिला लाट म्हणतात, कुठे उकती. एका खांबावर आडवा लांब वासा, त्याच्या आखूड टोकाला बांधलेला धोंडा आणि लांब टोकाला दोरीने लोंबणारी बादली.

धोंडा किती जड हवा, हा प्रश्न मला फार आवडतो. समजा, धोंडा खांबापासून दीड मीटरवर आहे आणि दोरी साडेचार मीटरवर, म्हणजे तिप्पट लांब. बादली २ किलोची, पाणी १२ लिटर. भरलेली बादली पूर्ण तोलायची तर १४ च्या तिप्पट, ४२ किलोचा धोंडा लागेल. (वाशाचं स्वतःचं वजनही धोंड्यालाच तोलायचं असतं, पण हिशेब सोपा राहावा म्हणून ते सोडून देऊ.) पण मग रिकामी बादली खाली न्यायला १२ किलोचा जोर लावावा लागेल! त्याऐवजी २४ किलोचा धोंडा बांधा. तो दोरीवरचे ८ किलो तोलतो. रिकामी बादली खाली ओढायला ६ किलो, भरलेली वर घ्यायला ६ किलो. काम तेवढंच राहिलं, फक्त दोन फेऱ्यांत वाटलं गेलं. त्यातली एक फेरी खाली ओढण्याची, आणि खाली ओढताना स्वतःच्या शरीराचं वजन मदतीला येतं. दिवसभर शिंपण करणाऱ्याच्या कमरेला या वाटणीचं मोल कळतं.

आणखी एक खुबी आहे. वासा तिरका झाला की तोल बिघडेल असं वाटतं, पण तसं होत नाही. फिरवण्याचा जोर ठरतो तो वाशाच्या लांबीवर नव्हे, तर टेकूपासून वजनाच्या उभ्या रेषेपर्यंतच्या आडव्या अंतरावर. वासा कलला की ही अंतरं दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात कमी होतात. धोंडा, टेकू आणि दोरीची गाठ एका रेषेत असली, तर तिप्पट ते तिप्पटच राहतं, आणि बादली वर असो की खाली, हाताला जोर सारखाच लागतो.

रेवदंडा-चौलकडचा रहाट हेही याच जातीचं यंत्र. फरक इतकाच, की चाक गोल फिरत राहिल्याने त्याची भुजा, म्हणजे टेकूपासूनचं अंतर, कधी संपत नाही.

खाडीतल्या होडीचं वल्हं मात्र उलटा सौदा करतं. होडीत बसून पाहा: खुंटीपासून मूठ ६० सेंटिमीटरवर आणि पाण्यातलं पातं १ मीटर ८० सेंटिमीटरवर असेल, तर मूठ एक वीत हलली की पातं तीन विती पाणी कापतं. त्यासाठी पाण्यावर जेवढा रेटा हवा, त्याच्या तिप्पट जोर मुठीला लावावा लागतो. ओहोटीच्या तोंडावर वर खाडीकडे वल्हवत जाणाऱ्याचे खांदे म्हणूनच भरून येतात.