कलिंगडाखालचा पेंढा

कोकणात भात कापलं की खाचरं मोकळी होतात आणि विहिरीला पाणी असेल तर डिसेंबर-जानेवारीत तिथेच कलिंगड लागतं. मार्चात त्या शेतात अनवाणी उभं राहून बघा, उघडी माती तळव्याला चटका देते. वेलाखालचा पेंढा बाजूला करून बोट खुपसलं, तर तीच माती गार आणि ओली लागते.

ऊन आणि वारा लागला की मातीतल्या केसासारख्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढतं आणि उडून जातं. पेंढ्याच्या काड्यांमध्ये हवा अडकलेली असते. ऊन खाली पोचत नाही, वाफ सहज सुटत नाही. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. फळ फुगताना जमीन आज ठणठणीत, उद्या चिंब, असं झालं की साल तडकते. पेंढा ओल सारखी ठेवतो. शिवाय त्याच्यावरचं फळ ओल्या मातीला टेकत नाही, म्हणून खालून सडत नाही.

हे काम मल्चिंग पेपरही, म्हणजे जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागदही करतो, आणि तण रोखण्यात तो पेंढ्याला हरवतो. त्याच्या चंदेरी बाजूवरून उसळणाऱ्या उजेडाने मावा ही रस शोषणारी कीड बिचकते, हा फायदा वेगळाच. पण पेपर कुणी खात नाही. पेंढा खातात: बुरशी, जिवाणू, गांडुळं. भाताच्या खाचरात याला मोठं मोल आहे, कारण चिखलणीने, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती घोटून चिखल केल्याने, मातीचे कण सुटे झालेले असतात आणि वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटा हे कण पुन्हा बांधतात, रवाळ करतात. पुढच्या आषाढात पुन्हा चिखलणी होऊन ही घडण मोडते, हेही खरं. मात्र कुजलेल्या पेंढ्याचा थोडा कर्ब (कार्बन) मातीत राहतो.

एक चूक हमखास होते, ती म्हणजे पेंढा मातीत गाडणं. पेंढ्यात कर्ब भरपूर, नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. तो पचवायला जिवाणू आजूबाजूचा नत्र ओढून घेतात आणि वेल पिवळे पडतात. वरच पसरला तर ही ओढाताण पृष्ठभागापुरती राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. कलिंगडाच्या बियांना उगवायला ऊब लागते आणि पेंढा माती गार ठेवतो. म्हणून वेल पळू लागल्यावर, पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, तीन-चार बोटं जाडीचा थर द्यावा. बुंध्याशी वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजतं. वाळवीवर लक्ष हवंच.

खरी अडचण वेगळीच आहे. पाला राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला जातो आणि पेंढा गोठ्यात. गाईच्या तोंडचा घास वेलाखाली पसरा, असं कुणाला सांगणार? पण उडवीच्या, म्हणजे पेंढ्याच्या रचलेल्या ढिगाच्या, तळाचा, ओल लागून काळा पडलेला पेंढा गुरं हुंगून सोडून देतात. वेलांना तोच चालतो.