ई-सायकल आली, पाना मागे राहिला

सोलापुरात ‘ई-बाईक’ म्हटले की आधी स्कूटर डोळ्यांसमोर येते. इथे विषय पायडलच्या ई-सायकलचा आहे. त्यातही मोटारीपासून चेनपर्यंतचा भाग खोलायला जी वेगळी हत्यारे लागतात, त्यांचा.

मागच्या चाकात मोटार बसवायची कल्पना जुनी आहे, अमेरिकेतले तिचे पेटंट 1895 चे. पायडलवरचा जोर ओळखून मदत करणारी सायकल जपानमध्ये 1993 साली विक्रीला आली. 2010-11 च्या सुमारास एका जर्मन कंपनीने पायडलच्या एक्सलभोवती बसणारी मोटार आणली आणि युरोपातल्या दुकानांत हत्यारांचा नवा कप्पाच तयार झाला. आपल्याकडे मात्र बहुतांश ई-सायकली चाकातल्या मोटारीच्याच आल्या. ताकद 250 वॉटच्या आणि वेग ताशी 25 किमीच्या आत असला की नोंदणी लागत नाही. त्यामुळे त्या सायकलच्या दुकानांतून विकल्या गेल्या आणि बिघडल्यावर तिथेच परत आल्या.

त्या दुकानांतली हत्यारे काळ्या सायकलच्या काळातली होती. पायडलचा दांडा एक्सलला धरणारी कॉटर पिन हातोडीने ठोकून काढायची, फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकतीला, दोन दातांचा पाना लावायचा. अडचण सुरू झाली ती फ्रीव्हीलपासूनच. साध्या सायकलचा मागचा एक्सल जेमतेम 10 मिमीचा, मोटारीचा 12 मिमीचा. शिवाय बऱ्याच मोटारींची वायर फ्रीव्हीलच्याच बाजूने एक्सलच्या पोटातून बाहेर येते. नेहमीचा पाना त्या एक्सलवर चढतच नाही आणि चढला तरी वायरीचा कनेक्टर आडवा येतो.

सोलापूरने यावर जो मार्ग काढला तो मला आजही मोलाचा वाटतो. यंत्रमागांमुळे पूर्व भागात लेथवाल्यांची आणि मोटार वाइंडिंगवाल्यांची कमी नाही. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीने बारा खाचांच्या फ्रीव्हीलचा बाजारातला पाना लेथवर नेऊन आतून बोअर करून घेतला. भोक मोठे झाले तशी भिंत पातळ झाली. पहिला पाना पहिल्याच झटक्यात चिरला, दुसऱ्याचे दात मुडपले. तिसरा चांगल्या पोलादातून नवाच कातून घेतला. तो टिकला. वायर आधी त्यातून ओवून घ्यायची, मग दात खाचांत बसवायचे आणि एक्सलची 18 मिमीची नट हलकेच वरून लावायची, म्हणजे जोर देताना पाना उसळत नाही.

हीच 18 मिमीची नट पुन्हा बसवताना टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, का लागतो, हे दुकानांना उशिरा कळले. ती 40 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावी लागते. सैल राहिली तर मोटारीच्या जोराने एक्सलच फ्रेमच्या खाचेत फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. ‘मोटार गेली’ म्हणून आलेल्या ज्या सायकली मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याचशांची मोटार धडधाकट होती.

खरा वाद पायडलजवळच्या मोटारीचा आहे: तिची हत्यारे कंपनीबाहेरच्या कारागिराला मिळावीत की नाही. तिच्यावरची दात्यांची चकती एका लॉकरिंगने, म्हणजे आट्यांवर आवळायच्या लोखंडी रिंगने, धरलेली असते आणि त्या रिंगच्या खाचा कंपनीगणिक वेगळ्या असतात. एकाच कंपनीची पुढची पिढी आली तरी त्या बदलतात, म्हणजे पुन्हा नवा पाना. त्यात आट्यांचा घोळ. डावे पायडल उलट्या आट्यांचे आणि उजवा बीबी कपही (पायडलच्या एक्सलचे बेअरिंग धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा, हे कारागिराच्या हाताला पाठ असते. पण काही मोटारींची लॉकरिंगही उलटी आहे, तर 68 ते 73 मिमीच्या बीबी नळीत बसणाऱ्या चिनी मोटार-किटची सुलटी. पाना नसला की छन्नी लागते, छन्नी चुकीच्या दिशेने लागली की आटे जातात, आणि मग कंपनी वॉरंटी नाकारते.

कंपन्यांची बाजूही आहे. मोटार उघडी केली तर लोक वेगाची मर्यादा काढतील, पाणी शिरेल, अपघाताची जबाबदारी आमच्यावर येईल, असे त्या म्हणतात. सॉफ्टवेअरपुरते हे मला पटते. पण दोरासारखी झिजणारी चेन आणि तिची चकती बदलायला जी साधी लोखंडी रिंग सोडवावी लागते, तिचा पाना अधिकृत केंद्रापुरता ठेवण्यात कुणाची सुरक्षितता आहे? दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली. तिने चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. नोंदणी न लागणारी ई-सायकल कायद्याने मोटार वाहनच नाही. मग ती यातल्या कोणत्या रकान्यात बसवायची, हा प्रश्न सोलापूरच्या कारागिरासाठी पुस्तकी नाही.

तोवर एक तपासणी कोणत्याही खास हत्याराशिवाय होते. पायडलजवळच्या मोटारीचा सगळा जोर चेनवरून जातो, म्हणून ती साध्या सायकलपेक्षा लवकर ताणते. तिचे 24 जोड नवेपणी बरोबर 12 इंच भरतात. स्टीलची पट्टी लावून अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढ दिसली की चेन बदलायची. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हील आणि पुढची चकतीही बदलावी लागण्याची शक्यता असते, आणि चकतीसाठी पुन्हा तोच पाना लागतो.