सूट साठ टक्के, उजेड किती टक्के?

दिवाळीच्या आधी परभणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, बायनॉक्युलर घ्यायची म्हणतोय. एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णवची सात हजार नऊशे नव्व्याण्णवला मिळायलीय. रात्री बारापर्यंतच ऑफर हाय. घेऊ का?"

मी त्याला विचारलं, "तिच्यातून उजेड किती टक्के येतो?"

सूट साठ टक्के, हे जाहिरातीत ठळक छापलेलं होतं. उजेडाची टक्केवारी कुठेच नव्हती. दुर्बिणीचं मोल मात्र बरंचसं त्या दुसऱ्या टक्केवारीत असतं, आणि ती समजायला शाळेतलं गणित पुरतं.

हवेतून काचेत शिरताना आणि काचेतून हवेत बाहेर पडताना दर वेळी साधारण ४ टक्के उजेड मागे परततो. खिडकीच्या तावदानात आपला चेहरा दिसतो तो या परतलेल्या उजेडामुळेच. दुर्बिणीत पुढचं वस्तुभिंग, मधले लोलक आणि डोळ्याकडची नेत्रिका धरून अशा दहा सीमा सहज होतात. शंभराचे शहाण्णव, शहाण्णवाचे ब्याण्णव असं करत दहाव्या सीमेपलीकडे ६६ टक्केच उरतात. वाटेत परतलेला उजेडही सगळा बाहेर निघून जात नाही. त्यातला काही नळीतच इकडेतिकडे आपटत राहतो आणि चित्रावर दुधाळ पडदा धरतो. स्वस्त दुर्बिणीतून समोरचं फिकट दिसतं त्याचं हे मोठं कारण.

यावरचा उपाय १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काढला. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतका पातळ लेप दिला, की लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारून टाकतात. एका थराने परतणारा उजेड दीड टक्क्याच्या आसपास येतो, अनेक थरांनी अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याहून खाली. आता तेच गणित पुन्हा करा. एका थराच्या दहा सीमांनंतर ८६ टक्के उरतात, अनेक थरांच्या दहा सीमांनंतर ९५. म्हणून खोक्यावर नुसतं 'कोटेड' असेल तर फार विश्वास ठेवू नये, एकाच भिंगाला लेप देऊनही तो शब्द छापता येतो. 'फुल्ली मल्टिकोटेड' म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणींची लालभडक चमकणारी भिंगं तर टाळावीतच. तो लाल रंग आपल्या डोळ्यापर्यंत यायचा असतो, तो समोरच्याच्या डोळ्यात परत जातो.

किंमत इथूनच चढू लागते. आपला डोळा उजेडाची वजाबाकी करत नाही, तो प्रमाण पाहतो. ६६ आणि ९५ टक्क्यांतला फरक कुणालाही कळेल. ९० आणि ९३ मधला बहुतेकांना कळणार नाही. पण शेवटचे ते दोन-तीन टक्के मिळवायला कारखान्याला सगळ्यात जास्त खर्च येतो. वीस-पंचवीस हजारांची चांगली दुर्बीण आणि दोन लाखांच्या वर जाणारी झाइस, लायका किंवा स्वारोव्स्की यांच्यात पैशाचा फरक दहापट असेल, उजेडाचा मात्र थोडाच.

मग ते पैसे जातात कुठे? बरेचसे लोलकांत. भिंगातून चित्र उलटं येतं, ते सुलटं करायला लोलक लागतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत नळी बाजूला वळते, म्हणून जुन्या दुर्बिणी खांद्याशी रुंद दिसतात. सरळ नळीच्या आजच्या सुबक दुर्बिणींत रूफ लोलक असतात, आणि ते नखरेल काम आहे. त्यांच्या छपरासारख्या कडेवर उजेड दोन भागांत विभागून पुन्हा जुळतो, पण दोन्ही भागांच्या लाटा पुढेमागे झालेल्या असतात आणि बारीक तपशील पुसट होतो. तो दोष काढणारा फेज लेप झाइसने १९८८ मध्ये आणला. शिवाय बहुतेक रूफ लोलकांच्या एका बाजूला आरशासारखा लेप द्यावा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के उजेड तिथेच जातो, डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी अनेक पारदर्शक थरांचा असेल तर एक टक्काही जात नाही. पोरो रचनेला हे दोन्ही लेप लागत नाहीत. म्हणून दहा हजारांच्या आत घ्यायची असेल तर मी बेधडक पोरो घे म्हणतो. जरा बोजड असते, पण त्या पैशात तिच्याइतकं स्वच्छ दुसरं काही दाखवत नाही.

उरलेला पैसा रंगाची किनार घालवणाऱ्या ईडी काचेत, कडेपर्यंत रेखीव दिसावं म्हणून वाढवलेल्या भिंगांत, आणि दोन्ही नळ्या अचूक समांतर बसवण्यात जातो. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नळ्या केसभर तिरक्या असल्या तरी मेंदू दोन चित्रं ओढून एकत्र आणतो, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागतं. पुष्कळ जण हे आपल्या डोळ्यांचंच दुखणं समजतात.

पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या काठी हे सगळं एका पहाटेत कळतं. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं आणि १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला. पाणी उथळ, काठ चिखलाचे, म्हणून हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब उतरतात. चिखलात चिमणीएवढे टिलवे पळत असतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. सूर्य वर यायच्या आधी, साठ-सत्तर मीटरवरून, चिखलाने माखलेल्या त्या काडीएवढ्या पायांचा रंग सांगता येणं हीच माझ्या मते दुर्बिणीची खरी परीक्षा. भारी दुर्बीण इथे जिंकते. मी मित्राच्या दुर्बिणीतून तो पिवळा रंग पाहिला आहे, आणि माझ्या दुर्बिणीत तोच पाय राखाडी होता. त्या दिवशी तिच्या किमतीबद्दलचा माझा राग गेला.

पण हेही सांगायला हवं, की पहाटेचा खेळ नुसत्या महाग काचेचा नाही. ८×४२ मध्ये ८ म्हणजे पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीच्या माणसाची पाचच्या आसपास. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाने ७×५० घेतली तर तिच्या सात मिलिमीटरच्या झोतातला बराच उजेड बाहुलीबाहेर सांडणार. आणि ८×२१ ची खिशात मावणारी दुर्बीण कितीही महाग घेतली तरी पहाटे तिचा झोत अडीच मिलिमीटरचाच. दहापेक्षा जास्त पट असेल तर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, म्हणून '३०×६०' असं छापलेली हातातली दुर्बीण दिसली की ती खाली ठेवावी. बहुधा तो आकडाही खरा नसतो.

आता ऑफरकडे येऊ. खोडलेला आकडा आधी डोळ्यांत भरतो आणि मग आपण त्याच्याच आधाराने पुढचा आकडा तोलतो. याला अँकरिंग म्हणतात, आणि १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि काह्नमन या मानसशास्त्रज्ञांनी ते प्रयोगांनी दाखवलं. छापील किंमत म्हणजे कमाल किंमत. वस्तू त्या किमतीला कधी कुणी विकत घेतली होती, असा तिचा अर्थ होत नाही. म्हणून ती दुर्बीण गेल्या महिन्यात कितीला विकली जात होती तेवढंच विचारावं. 'बारापर्यंतच' अशी खोटी घाई लावणं तर २०२३ च्या केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत गैर ठरवलं आहे. बिनव्याजी हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या रोख सवलतीत दडलेलं असतं. रोखीने दोन हजार कमी होत असतील आणि हप्त्याने होत नसतील, तर ते दोन हजारच व्याज.

भाच्याला मी दुकानात जाऊन करायच्या गोष्टी सांगितल्या. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघ, पांढरं लख्ख असेल तर लेप नाही, मंद हिरवं-जांभळं असेल तर आहे. दुर्बीण हातभर लांब धरून नेत्रिकेतला उजेडाचा ठिपका बघ, तो गोल हवा, कडा चौकोनी कापलेल्या असतील तर लोलकाची काच हलकी. बाहेर येऊन उजळ आभाळावरची विजेची तार बघ, तिला जांभळी किनार किती येते ते पाहा. चष्मा लावूनच बघ, पूर्ण गोल दिसायला हवा. आणि पाच मिनिटं सलग बघ.

त्याने बारा वाजू दिले. डिसेंबरात तो पैठणला आला तेव्हा मी माझी आणि मित्राची, दोन्ही दुर्बिणी त्याच्या हातात दिल्या. पहाटे त्याला टिलव्याचे पाय एकीत पिवळे दिसले, दुसरीत नाही. अकरा वाजता ऊन तापलं, पाण्यावरची हवा थरथरू लागली आणि दूरचे चक्रवाक दोन्ही दुर्बिणींतून सारखेच वितळल्यासारखे दिसू लागले. त्या थरथरत्या हवेवर कुठल्याच किमतीची काच चालत नाही. बराच वेळ तो आळीपाळीने दोन्हींतून बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, सकाळचा एकच तास कामाचा असंल तर मला बेचाळीसची पोरो बास हाय."

गेल्या आठवड्यात त्याने ती घेतली, साडेआठ हजारांना, कुठल्याही सवलतीविना.