लेकुरवाळीवर कोण संशय घेईल? गावित प्रकरणाची पार्श्वभूमी

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. त्या दिवशी अनेक तरुण वाचकांनी ही नावं पहिल्यांदाच ऐकली असतील. गुन्हे लहान मुलांची अपहरणं आणि खून यांचे, १९९० ते १९९६ या काळातले, शिक्षा २००१ ची आणि निकाल २०२२ चा. मधल्या वर्षांत एक पिढी मोठी झाली.

प्रकरणाची मुख्य सूत्रधार या दोघी नव्हत्या, त्यांची आई अंजनाबाई गावित होती. नवऱ्याने तिला सोडून दुसरा संसार थाटला होता. दोन मुलींना घेऊन ती पुण्यात राहायची आणि तिघींचं पोट चोरीवर चालायचं. जत्रा, देवळं, एसटी स्टँड, गर्दीचे रस्ते अशा ठिकाणी पर्स मारायची, गळ्यातली साखळी ओढायची. पोलिसांच्या भाषेत किरकोळ चोऱ्या. एवढ्यावरच थांबलं असतं तर आज त्यांचं नाव कुणाला आठवलं नसतं.

वळण आलं ते १९९० मध्ये, पुण्यातल्या एका देवळात. चोरी करताना रेणुका पकडली गेली. तिच्या कडेवर तिचं स्वतःचं तान्हं मूल होतं. तिने रडून गलका केला, लेकराला घेऊन कुणी चोरी करेल का, असं लोकांनाच विचारलं, आणि लोकांनी तिला सोडून दिलं. आपल्याकडे लेकुरवाळ्या बाईला लोक गाडीत जागा देतात, रांगेत पुढे सोडतात. तिच्यावर हात उचलायला कोण धजावणार? मायलेकींनी या प्रसंगातून नेमका हाच धडा घेतला. कडेवर मूल असलं की पकडलं गेलं तरी सुटता येतं. फक्त ते मूल आपलंच असायला हवं, असं काही नाही.

मग दुसऱ्यांची मुलं उचलायला सुरुवात झाली. पहिलं मूल जुलै १९९० मध्ये कोल्हापुरातून उचललं. भीक मागून जगणाऱ्या एका बाईचं ते पोर. पुढे कोल्हापुरातच महालक्ष्मीच्या देवळापाशी चोरी करताना सीमा सापडली. लोक तिला मारू लागले तेव्हा अंजनाबाईने हातातलं ते मूल जमिनीवर आपटलं. मुलाला रक्त आलं, लोकांचं लक्ष तिकडे गेलं आणि तिघी निसटल्या. जखमी मूल रडायचं थांबेना. रडणारं मूल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर. रात्री अंजनाबाईने त्याचं डोकं लोखंडी खांबावर आपटून त्याला ठार केलं. बाकीच्या खुनांचे तपशील निकालपत्रात आहेत, ते इथे देत नाही. पद्धत तीच होती. काम होईपर्यंत मूल सांभाळायचं, अडचण झालं की संपवायचं.

सहा वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न आजही विचारला जातो. मला वाटतं, उत्तराचा मोठा भाग या गुन्ह्याच्या स्वरूपातच आहे. अपहरण म्हटलं की खंडणीची चिठ्ठी येते, फोन येतो, पोलिसांच्या हाती काहीतरी धागा लागतो. इथे आईबापांकडे कुणी काही मागितलंच नाही. मूल एका शहरातून नाहीसं व्हायचं आणि प्रेत सापडलंच तर भलत्याच गावी, बेवारस. शिवाय त्यातली काही मुलं फुटपाथवर राहणाऱ्यांची. त्यांच्या हरवण्याची बातमी कोण छापणार?

शेवटी घात केला तो सूडाने. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोवर अंजनाबाईचा राग होता. त्या दुसऱ्या बायकोची शाळकरी मुलगी या टोळीने पळवून नेली आणि मारली. एवढ्यावर न थांबता तिच्या दुसऱ्या मुलीवरही डोळा ठेवला. या वेळी मात्र पळवणारं कोण असेल हे त्या मुलींच्या आईला पक्कं ठाऊक होतं. तिने पोलिसांत नाव घेऊन तक्रार दिली आणि १९९६ च्या अखेरीस मायलेकी पकडल्या गेल्या. अनोळखी मुलांच्या बाबतीत जे कधी घडलं नाही, ते ओळखीच्या घरात हात घातल्यावर घडलं.

खटला उभा राहिला तो रेणुकाचा नवरा किरण शिंदे याच्या जबानीवर. तो माफीचा साक्षीदार झाला. गुन्ह्यात सामील माणूस स्वतःची कातडी वाचवायला बोलतो, म्हणून न्यायालय त्याच्या शब्दाला इतर पुराव्याचा आधार मागतं. सरकार पक्षाने दीडशेहून अधिक साक्षीदार तपासले ते यासाठीच. आरोप १३ अपहरणांचा आणि ९ खुनांचा होता, पण वरच्या न्यायालयांत टिकले पाच खून. बातम्यांमध्ये वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच कोठडीत मेली, तिला शिक्षा झालीच नाही.

जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली. त्यांनी हे गुन्हे कोणत्याही सक्तीपोटी केले नव्हते, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. इथवर न्यायालयांचं काम बऱ्यापैकी वेगाने झालं. रखडलं ते पुढे.

त्यानंतर दयेचा अर्ज दाखल झाला. आधी राज्यपालांकडे, तिथे फेटाळल्यावर राष्ट्रपतींकडे. राष्ट्रपतींनी तो फेटाळला २०१४ मध्ये. दरम्यान जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरील अकारण विलंब हे फाशी रद्द करण्याचं कारण ठरू शकतं, असं म्हणून १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. बहिणींच्या वकिलांनी त्याच मुद्द्यावर उच्च न्यायालय गाठलं.

न्यायमूर्ती नितीन जामदार आणि सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने विलंबाचा हिशेब मांडला: ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस. फायली वेगाने पाठवायला इलेक्ट्रॉनिक साधनं हाताशी असतानाही अधिकाऱ्यांच्या ढिलाईमुळे एवढा काळ गेला, असं खंडपीठाने नोंदवलं. गुन्ह्याचा निषेध करायला शब्द अपुरे आहेत, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे गुन्हा कमी भयंकर ठरला म्हणून फाशी टळली, हा समज चुकीचा. ती टळली सरकारी टेबलावर.

पंचवीस वर्षं आत काढली, आता सोडा, ही बहिणींची मागणी मात्र न्यायालयाने मानली नाही. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर कैद. त्यात सूट द्यायची की नाही, हे राज्य सरकारने ठरवायचं. म्हणजे फाईल पुन्हा त्याच टेबलावर.