आधी उजवा हात, मग डावा

पाच-सहा महिन्यांचं धडधाकट बाळ. थोडा ताप येतो, किंवा जरा कढत पाण्यानं अंघोळ होते, आणि अंगाच्या एकाच बाजूला झटके सुरू होतात. तापातली साधी आकडी बहुधा पाच मिनिटांत थांबते. ही वीस-वीस मिनिटं चालते. काही आठवड्यांनी पुन्हा येते, पण आता दुसऱ्या बाजूला. एमआरआय आणि ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) दोन्ही नॉर्मल. हा द्राव्हे सिंड्रोम.

या खुणा एकत्र वाचल्या डॉक्टर शार्लोट द्राव्हे यांनी; आजाराला नावही त्यांचंच. फ्रान्समध्ये मार्सेयला, अपस्मारतज्ज्ञ आंरी गास्तो यांच्या परंपरेत त्या मुलांच्या अपस्मारावर काम करत. काही मुलांचा आजार लेनॉक्स-गास्तो सिंड्रोम या लहानपणच्या तीव्र अपस्माराच्या चौकटीत बसत नव्हता. १९७८ साली त्यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. तेव्हा जनुकीय चाचणी नव्हतीच. हाताशी होता तो पहिल्या फिटपासूनचा बारीक वृत्तांत.

२००१ मध्ये अँटवर्पच्या संशोधकांनी अशी सात मुलं तपासली. सातही जणांच्या एससीएन१ए जनुकात बिघाड निघाला, आणि तो आईवडिलांकडून आलेला नव्हता. हे जनुक मेंदूपेशींतली एक सोडियम वाहिनी, म्हणजे सोडियम आत सोडणारं दार, बनवतं, आणि तिच्यावर सर्वांत जास्त भिस्त असते ती मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींची. म्हणजे इथे ब्रेकच ढिला आहे.

आणि नेमकी इथेच मोठी चूक होते. एका बाजूची फिट म्हटली की कार्बामाझेपिन देण्याची सवय आहे. ते सोडियम वाहिन्या अडवतं. आधीच ढिला ब्रेक आणखी सुटतो आणि फिट वाढतात. ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि रोज घ्यायचं फेनिटॉइन यांचंही तेच. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही नेहमीची सुरुवात. त्यांच्या जोडीला स्टिरिपेंटॉल दिल्यावर २००० सालच्या फ्रेंच चाचणीत २१ पैकी १५ मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या. स्टिरिपेंटॉलऐवजी नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी मिळालेल्या २० मुलांत हा आकडा एक होता.

लसीवर आलेला आळही या जनुकानं पुष्कळसा उतरवला. लसीमुळे मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ जणांची २००६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा ११ जणांत हाच बिघाड सापडला. लसीच्या तापानं पहिली फिट थोडी लवकर येते, आजार मात्र जन्मापासूनचा. लस चुकवली आणि गोवर झाला, तर तो ताप कितीतरी जास्त महागात पडतो.

घरी फिट आली की आधी घड्याळ बघायचं. बाळाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटं झाली की नाकात मिडाझोलामचा फवारा द्यायचा: किलोमागे साधारण ०.२ मिलिग्रॅम. फवाऱ्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते, म्हणून आपल्या बाळाला किती पफ हे डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्यावं आणि वजन वाढलं की आकडा बदलून घ्यावा. फिट थांबली नाही तर थेट दवाखाना.

हे निदान न झालेली माणसं आज तिशी-चाळिशीतही आहेत, वर्षानुवर्षं कार्बामाझेपिनवर. ते आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरच हळूहळू बदलतात. पण जनुकीय चाचणी सुचायला आधी कुणीतरी आईला किंवा आजीला विचारावं लागतं: पहिल्या वर्षी ताप होता का, किती वेळ चाललं, आणि कोणता हात उडत होता?