माशी, हिरे आणि पूर: बोत्स्वानातल्या महागड्या सफारीची पार्श्वभूमी

बोत्स्वानाच्या सफारीचा आराखडा आता जवळपास ठरून गेला आहे. आधी कसाने गावी उतरून चोबे नदीत बोटीतून हत्ती आणि पाणघोडे पाहायचे, मग लहान विमानाने ओकावांगोच्या पाणथळीत जाऊन मोकोरोतून, म्हणजे मुळात ओंडका कोरून केल्या जाणाऱ्या होडीतून, लव्हाळ्यांमधून फिरायचं. उंची कॅम्पात हंगामातला दर एका माणसाला एका रात्रीसाठी हजार डॉलरच्या सहज पुढे जातो. हा दर नुसत्या गाद्या-पडद्यांचा नाही. गर्दी नसलेल्या जागेचे पैसे त्यात आहेत, आणि ती जागा रिकामी राहण्यामागे बराच इतिहास आहे.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. ओकावांगो नदी अंगोलाच्या उंच पठारावर उगम पावते, पण समुद्राला मिळतच नाही. कालाहारीच्या वाळूत ती पंख्यासारखी पसरते आणि तिचं बहुतेक पाणी उन्हात उडून जातं किंवा झाडं शोषून घेतात. आपल्याकडे पाऊस आणि पूर बरोबरच येतात. इथे अंगोलात उन्हाळ्यात पडलेला पाऊस सपाट जमिनीवरून रेंगाळत, कित्येक महिन्यांनी खालच्या टोकाला पोहोचतो. तोवर तिथे जून-जुलैचा कोरडा हिवाळा असतो आणि आसपासची डबकी आटलेली असतात. जनावरं पाण्याकडे धाव घेतात ती नेमकी तेव्हाच. सफारीचा महागडा हंगामही तोच.

स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1849 मध्ये या पाणथळीच्या कडेच्या न्गामी तलावापर्यंत पोहोचला. त्याच्या मागोमाग हस्तिदंताचे व्यापारी आले आणि पुढच्या काही दशकांत हत्तींची प्रचंड कत्तल झाली. त्याआधीपासून इथे बायेई आणि हाम्बुकुशू लोक मासेमारी व शेती करत होते, सान लोक शिकार करत होते. मोकोरो ही बायेईंची देणगी. पर्यटकांना लांब काठीने होडी ढकलणारा माणूस दिसतो, ती या लोकांची रोजची वाहतूक होती.

गुरांचे कळप मात्र आतवर शिरले नाहीत, याचं मोठं श्रेय त्सेत्से माशीला. तिच्या चाव्याने गुरांना नागाना हा जीवघेणा आजार आणि माणसांना निद्रारोग होतो. ब्रिटिश काळात माशीला रक्त मिळू नये म्हणून चक्क जंगली जनावरं मारण्यात आली, तिच्या सावलीची झाडं तोडली गेली. पुढे कीटकनाशकांचे फवारे आले. 2001-02 मधल्या हवाई फवारणीनंतर माशी हटली. तोपर्यंत राखीव क्षेत्रं ठरली होती आणि 1982 पासून गुरं व रानरेडे वेगळे ठेवणारं लांबलचक कुंपणही होतं. ते पर्यटनासाठी नव्हतं. लाळ्या-खुरकुताचा फैलाव रोखून युरोपला गोमांस विकता यावं, हा त्याचा हेतू होता.

राखीव क्षेत्रांपैकी ओकावांगोतल्या मोरेमीची कथा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाहेरच्या शिकाऱ्यांनी जनावरं संपवत आणलेली पाहून बाटावाना जमातीने 1963 मध्ये आपल्याच जमिनीचा तुकडा अभयारण्य म्हणून राखला. दिवंगत प्रमुख मोरेमी तिसरे यांची विधवा एलिझाबेथ पुलाने मोरेमी तेव्हा जमातीचा कारभार पाहत होती. इंग्रज अधिकाऱ्यांचा हुकूम आला नव्हता, निर्णय जमातीचा होता. पण याची दुसरी बाजू माहितीपत्रकात सापडत नाही: क्वाई नदीकाठच्या सान लोकांना त्यासाठी घरं सोडून नदीपलीकडे जावं लागलं.

चोबेलाही तसंच झालं. 1960 मध्ये राखीव क्षेत्र, 1967 मध्ये राष्ट्रीय उद्यान. आत सेरोन्डेला हे लाकूड कापणाऱ्यांचं गाव होतं. ते हळूहळू हलवलं आणि 1975 मध्ये रिकामं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच परिसरात एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन या चित्रपट कलाकारांनी एकमेकांशी दुसऱ्यांदा लग्न केलं. चोबेच्या जाहिरातींत आजही लग्नच झळकतं.

नदीतल्या सेडुडू बेटाभोवती बोटी फिरतात, तेही भांडणातून सुटलेलं आहे. बोत्स्वाना ब्रिटनकडे आणि पलीकडचा नामिबिया जर्मनीकडे असताना या दोघांनी 1890 मध्ये ‘मुख्य प्रवाहाच्या मध्यावरून’ सरहद्द आखली. मुख्य प्रवाह कोणता, हे मात्र शंभर वर्षांनी ठरवावं लागलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1999 मध्ये बेट बोत्स्वानाला दिलं, नामिबियाच्या बोटींनाही वाट मोकळी ठेवून.

राहिला पैशाचा भाग. 1966 मध्ये स्वतंत्र झालेला हा देश जगातल्या अत्यंत गरीब देशांत होता. दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. हिऱ्यांमुळे तिजोरी भरली नसती, तर सरकारला 1990 मध्ये ‘पर्यटक थोडे, उत्पन्न जास्त’ असं धोरण जाहीर करणं झेपलं असतं का, शंका आहे. गंमत म्हणजे हिऱ्यांमुळेच पाणथळही धोक्यात आली होती. ओरापाच्या खाणीला आणि माउन गावाला पाणी मिळावं म्हणून पाणथळीतल्या बोरो नदीचा तळ खणण्याची सरकारी योजना होती. माउनमधल्या 1991 च्या ग्रामसभेत लोकांनी अधिकाऱ्यांना धारेवर धरलं आणि योजना आधी स्थगित, मग रद्द झाली. ती झाली असती तर 2014 मध्ये जागतिक वारसा यादीत एक हजारावं स्थळ म्हणून ओकावांगोचं नाव आलं असतं असं वाटत नाही.

त्याच 2014 मध्ये सरकारने शिकारीवर बंदी घातली. कॅम्प चालवणाऱ्यांनी स्वागत केलं. शिकारीच्या परवान्यांवर उत्पन्न मिळवणाऱ्या गावांची कमाई बुडाली आणि शेतं तुडवणाऱ्या हत्तींबद्दलची कुरकुर वाढली. 2019 मध्ये बंदी उठली. 2022 च्या हवाई मोजणीत बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आढळले, इतके दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. त्यांची किती शिकार व्हावी, हा वाद कसानेपासून राजधानी गाबोरोनेपर्यंत अजून चालूच आहे.